ऑफिसातली लायसन्सं आणि यंत्रांची नोंद: आधी टूल की आधी कागद?

खटपट्या
नमस्कार मंडळी. साधारण तीनशे माणसांच्या संस्थेत आयटीची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. आधीचे साहेब निवृत्त झाले, जाताना एक एक्सेल सोपवून गेले. त्यात तीन टॅब आहेत, 'लॅपटॉप', 'सॉफ्टवेअर' आणि 'सॉफ्टवेअर नवीन फायनल', आणि शेवटच्या दोन टॅबांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काही बिलं अकाउंट्सकडे, काही कुणाच्या तरी मेलमध्ये, काही लायसन्सच्या कीज कपाटातल्या जुन्या डब्यांवर चिकटवलेल्या. वरून विचारणा आली आहे की दरवर्षी रिन्यूअलला एवढा पैसा जातो तो सगळा खरंच लागतो का, आणि आजच्या घडीला याचं उत्तर ऑफिसात कुणीच देऊ शकत नाही.

माझं मत असं की आधी एखादं टूल घ्यावं, नेटवर्कवर सोडावं, ते जे दाखवेल ती यादी खरी धरावी आणि तिथून पुढे जावं, कारण जुन्या कागदांच्या मागे लागलो तर वर्ष त्यातच जाईल. तुमचं काय म्हणणं? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा विस्ताराने लिहा.

सर्व्हररूम
टूल घ्या, पण ते दाखवेल ती यादी 'खरी' धरू नका. टूल सांगतं काय बसवलंय. कशाचे पैसे भरलेत हे त्याला माहीत नसतं, आणि कोण खरोखर वापरतंय हेही अर्धवटच कळतं. तुम्हाला तीन याद्या लागणार: हक्क किती (म्हणजे किती लायसन्सं रीतसर घेतलीत), बसवलंय किती, वापर किती. सगळं काम या तीन याद्या एकमेकींना लावून बघण्यात आहे.

उदाहरण देतो. टूल म्हणालं की अमुक इतक्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) आहे. बरं मग? त्यातली डेव्हलपर एडिशन फुकट असते, महागड्या एंटरप्राइज एडिशनची सगळी फीचर्स तिच्यात असतात, पण ती फक्त डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगसाठी. त्याच मशीनवर कुणी खरा कारभार चालवायला लागलं तर लायसन्स लागलं, आणि ते मशीन टेस्टिंगचं की खऱ्या कामाचं हे टूलला कुणीतरी माणसानेच सांगावं लागतं. शिवाय २०१२ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरच्या कोअरवर मोजणी आली, व्हर्च्युअल मशीनला दोनच कोअर दिले तरी किमान चार कोअरचं लायसन्स धरतात. हा हिशेब कुठल्याही स्कॅनमधून आपोआप बाहेर पडत नाही हो.

रात्रपाळी
सर्व्हररूम, तुमचं म्हणणं पटतं पण क्रम पटत नाही. कागद आधी म्हणणाऱ्यांना मी एकच आठवण करून देईन, डिसेंबर २०२१, लॉगफोरजे, जावाच्या असंख्य प्रोग्राममध्ये आत दडलेल्या एका लायब्ररीत सापडलेलं सुरक्षेचं मोठं भगदाड. ज्यांच्याकडे कुठल्या सर्व्हरवर काय आहे याची यादी तयार होती त्यांना 'आपण कुठे उघडे आहोत' हे लगेच सांगता आलं, बाकीचे एकेका सर्व्हरवर लॉगिन करून फोल्डर शोधत बसले. सीआयएस कंट्रोल्स या सायबरसुरक्षेच्या नियमावलीत पहिला कंट्रोल यंत्रांच्या यादीचा आणि दुसरा सॉफ्टवेअरच्या यादीचा, फायरवॉल बिरवॉल सगळं त्याच्या नंतर. त्यामुळे खटपट्या म्हणतायत ते बरोबर, आधी शोध लावा.

आणि टूलसाठी लगेच पैसे काढायचीही गरज नाही. जीएलपीआय हे यंत्रं-सॉफ्टवेअरची नोंद ठेवणारं टूल ओपन सोर्स आहे, २०२२ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून त्याचा स्वतःचा एजंट येतो, तो मशीनवर बसवला की हार्डवेअर सॉफ्टवेअर सगळं वर पाठवतो. स्नाइप-आयटी पण छान आहे पण ते स्वतःहून शोधत नाही, कुणाला काय दिलं आणि कधी परत आलं याच्या नोंदीसाठी ते चांगलं.

वाचनमात्र
वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही 'नवीन फायनल' आहे, त्याच्या पाठोपाठ 'नवीन फायनल २' असतोच. तुमच्याकडे नाही म्हणता?

खटपट्या
@वाचनमात्र, आहे. हाइड केलेला टॅब होता, काल सापडला.

हिशेबनीस
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, मी खरेदी आणि अकाउंट्स बघते. तुम्ही सगळे अकाउंट्सकडे बिलं मागायला येता आणि आमच्याकडे बिल निघतं त्यावर लिहिलेलं असतं 'सॉफ्टवेअर, १ नग'. त्या एक नगात पन्नास युजर आहेत की एकच, कायमचं आहे की वर्षाचं, स्टँडर्ड की प्रोफेशनल, काही काही कळत नाही. विक्रेत्याला विचारावं तर तो म्हणतो मेल बघा, आणि मेल ज्याला गेला तो माणूस नोकरी सोडून गेलेला.

आम्ही आता पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवरच) सहा गोष्टी लिहिल्याशिवाय सही करत नाही: उत्पादनाचं पूर्ण नाव एडिशनसकट, मोजणी कशावर (माणूस, मशीन, कोअर, एकाच वेळी चालू असलेले), किती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, करार क्रमांक, आणि लायसन्स कुठल्या ईमेलवर नोंदवलं जाणार. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. व्यक्तीच्या मेलवर नोंदवू नका, एक सामायिक मेलबॉक्स करा आणि सगळी पोर्टलं त्यावर घ्या. आणि विक्रेत्याला सांगा की बिलावरसुद्धा हाच तपशील हवा, नाहीतर पेमेंट थांबेल. पेमेंट थांबणार म्हटलं की तपशील बरोबर येतो.

अर्धविराम
+१ हिशेबनीस. ताई, हा मेलबॉक्सचा मुद्दा ठळक करून वर चिकटवला पाहिजे.

बारकाईने
ऑडिटबद्दल कुणी बोललं नाही अजून म्हणून लिहितो. आमच्याकडे एका मोठ्या विक्रेत्याचं पत्र आलं होतं, भाषा फार गोड, 'तुमच्या लायसन्सचा आढावा घेण्यात मदत करू इच्छितो' वगैरे. सोबत एक स्क्रिप्ट, ती सर्व्हरवर चालवा आणि आउटपुट पाठवा. आमच्या आयटीतला उत्साही मुलगा लगेच चालवायला निघाला होता, त्याला थांबवलं.

तर असं पत्र आलं की काय करायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे करार काढा आणि ऑडिटचं कलम वाचा, किती दिवसांची नोटीस, कुठल्या उत्पादनांपुरतं, वर्षातून किती वेळा, खर्च कोणाचा. पत्र हे कलमाखालचं अधिकृत ऑडिट आहे की विक्री विभागाची 'मैत्रीपूर्ण तपासणी' हे त्यावरून कळतं आणि दोन्हींना उत्तर वेगवेगळं द्यायचं असतं. दुसरं, आपल्या बाजूने एकच माणूस बोलेल, बाकी कुणीही त्यांच्या फोनला माहिती द्यायची नाही. तिसरं, गोपनीयतेचा करार झाल्याशिवाय आकडा बाहेर जाता कामा नये. चौथं आणि हे नीट वाचा, पत्र आल्यावर घाईघाईने सॉफ्टवेअर काढून टाकू नका. काढलं तरी त्याच्या खुणा राहतात आणि मग साधी चूक असली तरी लपवाछपवी दिसते. आधी आहे तसा स्नॅपशॉट घ्या, आपली मोजणी आपण करा, ती वकिलाला आणि गरज वाटली तर बाहेरच्या जाणकाराला दाखवा आणि मग बोला. तसंच घाबरून लगेच खरेदीही करू नका. आमच्या बाबतीत पहिला आकडा जो सांगितला गेला त्यात बंद पडलेले सर्व्हर आणि टेस्टिंगची मशीन्स धरलेली होती, जुन्या पीओ आणि डीकमिशनच्या (सर्व्हर बंद केल्याच्या) नोंदी दाखवल्यावर तो भाग गळाला. नोंदी नसत्या तर कशाच्या जोरावर बोललो असतो?

म्हणून माझं मत सर्व्हररूम आणि हिशेबनीस यांच्या बाजूने. कागद आधी.

मुक्तछंद
एवढं काय त्यात. आमच्याकडे बहुतेक सगळं फुकटचंच वापरतात, प्रोग्रामिंगला जावा, प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवायला डॉकर, पायथनची पॅकेज आणायला कोंडा, मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायला व्हर्च्युअलबॉक्स. लायसन्सचा प्रश्नच येत नाही.

सर्व्हररूम
@मुक्तछंद, अहो तुम्ही घेतलेली चारही नावं नेमकी अडचणीची आहेत.

डॉकर डेस्कटॉप: ऑगस्ट २०२१ मध्ये अटी बदलल्या, जानेवारी २०२२ च्या शेवटापर्यंत मुदत दिली होती. अडीचशेच्या आत माणसं आणि वर्षाची उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत, दोन्ही असेल तरच कंपनीत फुकट. लिनक्सवरचं नुसतं डॉकर इंजिन वेगळं, ते ओपन सोर्स आहे, त्याला ही अट नाही. अ‍ॅनाकोंडा (कोंडा यांचंच): दोनशे आणि त्याहून जास्त माणसांच्या कंपनीला त्यांचा डीफॉल्ट चॅनल (पॅकेजचा साठा) वापरायचा तर पैसे. मिनिफोर्ज घेऊन कोंडा-फोर्ज या दुसऱ्या, खुल्या साठ्यावरून पॅकेज आणली तर तो प्रश्न येत नाही. खटपट्या, तुमची तीनशे माणसं म्हणजे तुम्ही दोन्ही रेषांच्या पलीकडे आहात.

व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ प्रोग्राम जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, त्याबद्दल वाद नाही, पण एक्स्टेन्शन पॅकचं लायसन्स वेगळं आहे, वैयक्तिक वापर, शिक्षण आणि चाचणी एवढ्यापुरतं. लोक मूळ प्रोग्राम टाकतात आणि यूएसबी नीट चालावं म्हणून सवयीने पॅकही टाकतात. ऑफिसच्या आयपीवरून केलेलं डाउनलोड समोरच्याला दिसतं हे ध्यानात असू द्या.

आणि जावा तर महाभारत आहे. ओरॅकलच्या जावा ८ चा अपडेट २०२ पर्यंत जुन्या अटी, एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या २११ पासून नव्या अटी. म्हणजे स्क्रीनवर दोन्ही 'जावा ८'च दिसतं पण कुणी प्रामाणिकपणे अपडेट मारला की तुम्ही दुसऱ्या लायसन्सखाली गेलात. जानेवारी २०२३ पासून जे सबस्क्रिप्शन विकतात त्याची मोजणी तर जावा किती मशीनवर आहे यावर नाहीच, कंपनीत माणसं किती यावर आहे, अर्धवेळ, तात्पुरते आणि तुमच्या अंतर्गत कामाला लागलेले कंत्राटदारांचे लोक धरून. दोन मशीनवर असलं तरी मोजणी सगळ्यांची. उपाय सोपा आहे, टेमुरिन, कोरेटो, झुलू असे ओपनजेडीकेचे (जावाच्या ओपन सोर्स रूपाचे) बिल्ड आहेत, तपासून बदलून टाका. पण आधी कुठे कुठे ओरॅकलचं आहे हे शोधा, इथे मात्र रात्रपाळी यांचं स्कॅनिंग लागतंच.

रात्रपाळी
मान्य केलंत तर शेवटी :)

मुक्तछंद
हे माहीत नव्हतं. पण आमची टीम छोटी आहे, पन्नासच्या आत, उलाढालही त्या रेषेच्या बरीच खाली. मग डॉकर, कोंडाला चालेल ना?

सर्व्हररूम
चालेल, पण कोणी तुम्हाला विकत घेतलं किंवा मूळ कंपनीची माणसं मिळून मोजायची वेळ आली तर गणित बदलतं. आणि एक्स्टेन्शन पॅकला माणसांच्या संख्येची सूट नाही.

तारकाढा
आमचं डिझाइन आणि सिम्युलेशनचं काम, तिथे एकाच वेळी चालणारी लायसन्सं असतात, फ्लेक्सनेट या लायसन्सं वाटणाऱ्या सर्व्हरवर. इथे वर कुणी जे 'वापर किती' म्हणालं ते मोजणं खरं म्हणजे सगळ्यात सोपं आहे आणि तरी कुणी बघत नाही. त्याची एलएमस्टॅट ही कमांड चालवली की आत्ता कुठल्या मशीनवर कोण, किती वाजल्यापासून धरून बसलंय हे ओळीने दिसतं. सकाळी नऊला उघडलेलं मॉड्यूल, माणूस दिवसभर मीटिंगमध्ये, लायसन्स अडकलेलं. आणि डीबग लॉगमध्ये डिनाइड असा शब्द शोधा, कुणाला कधी लायसन्स नाकारलं गेलं हे तारीख वेळेसकट असतं.

आमच्याकडे विभागप्रमुख दर रिन्यूअलला म्हणायचे लायसन्सं कमी पडतात, वाढवा. लॉग काढला तर नकार सगळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातले आणि तेही दुपारी, आणि त्याच वेळी निम्मी लायसन्सं अशा मशीनवर होती जिथे तासभर कुणी माउस हलवला नव्हता. ऑप्शन्स फाइलमध्ये टाइमआउट टाकला, ठरावीक वेळ नुसतं उघडं राहिलं तर लायसन्स परत. एकही जास्तीचं घ्यावं लागलं नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा, टाइमआउट विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरने मानला पाहिजे, सगळे मानत नाहीत, आणि रात्रभर सिम्युलेशन चालवणाऱ्यांना आधी विचारा. त्यांचं काम मध्येच तुटलं तर तुमचं काही खरं नाही.

अर्धविराम
बॉरो केलेल्या, म्हणजे काही दिवस उसन्या घेतलेल्या लायसन्सचं काय? लॅपटॉपवर घेऊन दौऱ्यावर गेलेला माणूस.

तारकाढा
मुदत संपेपर्यंत ते सर्व्हरवर परत येत नाही, किंवा त्यानेच लवकर परत केलं तर. म्हणून बॉरोची कमाल मुदत कमी ठेवा. लॅपटॉप हरवला तरी तेवढे दिवस थांबावं लागतं.

पाणपोई
अवांतर आहे पण 'वापर' या शब्दावरून आठवलं. सॅप (कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी) विरुद्ध डिआजिओ (दारू बनवणारी कंपनी) हा खटला, लंडनच्या हायकोर्टाचा फेब्रुवारी २०१७ चा निकाल. डिआजिओने सेल्सफोर्सवर (विक्रीच्या कामाची दुसऱ्या कंपनीची ऑनलाइन सिस्टीम) दोन अ‍ॅप्स बांधली, एक विक्री प्रतिनिधींसाठी आणि एक ग्राहकांना ऑर्डर देण्यासाठी, ती मागून सॅपशी बोलायची. अ‍ॅप वापरणारे लोक सॅप उघडतही नव्हते, तरी कोर्टाने म्हटलं की हा अप्रत्यक्ष वापर आहे आणि त्याला युजर लायसन्स लागतं. सॅपची मागणी ५.४ कोटी पौंडांच्या वर होती. पुढे २०१८ मध्ये सॅपने अशा वापरासाठी माणसांऐवजी तयार होणाऱ्या कागदपत्रांवर मोजणी आणली. सांगायचा मुद्दा, तुमच्या यादीत 'कुठली सिस्टीम कुठल्या सिस्टीमशी बोलते' असा एक रकाना हवा. तो कुठल्याही साध्या स्कॅनमध्ये नसतो.

बारकाईने
अवांतर अजिबात नाही, हाच तर मुद्दा.

निवांतमाई
मी एचआरमध्ये आहे, तुमची अर्धी गळती आमच्या दारातून होते असं मला प्रामाणिकपणे वाटतं. माणूस नोकरी सोडतो, लॅपटॉप परत येतो, ओळखपत्र परत येतं, लायसन्स मात्र त्याच्या नावावर महिनोन्‌महिने चालू. आयटीला विचारलं तर म्हणतात तुम्ही कळवलं नाही, आम्ही म्हणतो मेल केला होता. आम्ही आता शेवटचा हिशेब निघण्याच्या आधी आयटीची टिक लागल्याशिवाय पुढे जात नाही.

यात एक घोळ व्हायचा तो सांगते. साहेबांना गेलेल्या माणसाचे मेल हवे असतात म्हणून 'लायसन्स काढू नका' असा निरोप यायचा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तो मेलबॉक्स आधी शेअर्ड करून घ्यायचा, ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही, आणि मगच लायसन्स काढायचं. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधीच काढलं, तर तीस दिवसांनी मेल पुसले जातात. हे आमच्या आयटीच्या मुलीने एका ओळीत फॉर्मवरच छापून टाकलंय.

दुसरं, विभागांनी परस्पर कार्डावर घेतलेली महिन्याची सबस्क्रिप्शन्स. ती ना स्कॅनमध्ये दिसतात ना पीओमध्ये. हिशेबनीस ताई, ती फक्त तुमच्या कार्डाच्या स्टेटमेंटमध्येच दिसतात, खरं ना?

हिशेबनीस
अगदी खरं. शिवाय खर्चाच्या परताव्यात. 'इतर खर्च' या नावाखाली. मी तीन महिन्यांची स्टेटमेंटं काढून बसले होते तेव्हा एकाच कामाची, एकमेकांसारखी तीन वेगवेगळी टूलं तीन विभागांनी घेतलेली दिसली, आणि चौथ्या विभागाने त्याच टूलाचं वेगळं खातं उघडलेलं.

डबाबंद
यंत्रांबद्दल फारच कमी लिहिलं गेलंय. लॅपटॉपवर स्टिकर लावा हे सगळे सांगतात, पण स्टिकरचा नंबर आणि सिरियल नंबर दोन्ही नोंदवा कारण स्टिकर निघतो. आणि 'स्थिती' हा रकाना नीट ठेवा: वापरात, कपाटात, दुरुस्तीला, भंगारात. यातला 'कपाटात' सगळ्यात फसवा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा ज्यांच्याकडे प्रोसेसर आणि टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) नोंद होती त्यांना कुठली मशीन ११ वर जातील हे बसल्या जागी कळलं. आणि मशीन भंगारात काढताना त्याच्यावर आलेलं ओईएम विंडोज त्याच मशीनबरोबर जातं, ते नव्यावर लावता येत नाही, पण वेगळी घेतलेली बाकीची सॉफ्टवेअर्स मात्र आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करून मोकळी करून घ्या. डिस्क पुसल्यावर आठवून उपयोग नाही.

पाणपोई
आणि डिस्क पुसल्याचा कागदही ठेवा, सिरियल नंबरसकट.

वाचनमात्र
आयएसओ १९७७० बद्दल कोणी सांगेल का? सल्लागार म्हणतायत त्याच्याशिवाय काही होणार नाही.

बारकाईने
सॉफ्टवेअर आणि आयटी मालमत्ता व्यवस्थापनाचं मानक आहे, पहिला भाग २००६ मध्ये आला, २०१७ मध्ये बराच बदलून पुन्हा आला. दुसरा भाग सॉफ्टवेअरची ओळख सांगणाऱ्या टॅगचा, तिसरा हक्काच्या नोंदीचा. म्हणजे सर्व्हररूम पहिल्या प्रतिसादात जे वेगळं करा म्हणाले तेच तिथेही वेगळं केलंय. तीनशे माणसांना प्रमाणपत्राच्या मागे लागायची गरज मला तरी दिसत नाही.

खटपट्या
मंडळी, मनापासून आभार. मधले काही आठवडे गप्प होतो कारण कामाला लागलो होतो. टूल आधी या मतावर मी अजूनही आहे, जीएलपीआयचा एजंट बसवला, त्याच्याशिवाय जावा सापडलाच नसता (सापडला, अपडेट २११ च्या पुढचा, एका जुन्या रिपोर्टिंग मशीनवर, बदलला). पण सगळ्यांचे कागद एकदम गोळा करायच्या फंदात पडलो नाही. खर्चाप्रमाणे यादी लावली, वरचे पाचच विक्रेते घेतले आणि त्यातही ज्याचं रिन्यूअल सगळ्यात जवळ तो पहिला. त्या एकाच्या तीन याद्या समोरासमोर लावल्या. हक्कापेक्षा बसवलेलं जास्त निघालं आणि वापर हक्कापेक्षा कमी, म्हणजे एकाच वेळी आपण नियम मोडतोय आणि पैसेही वाया घालवतोय. निवृत्त झालेल्यांच्या नावावरची काढली तेव्हा दोन्ही आकडे जवळ आले.

एक प्रश्न उरलाय. या सगळ्याचा मालक कोण? आयटी म्हणतं खरेदी, खरेदी म्हणते विभाग.

हिशेबनीस
यादी आयटीने ठेवायची, पण प्रत्येक लायसन्सपुढे विभागातल्या एका माणसाचं नाव हवं आणि रिन्यूअलच्या आधी त्याने लेखी सांगायचं की इतकी हवीत. त्याने सांगितलं नाही तर मी पीओ काढत नाही. आयटीने फक्त त्याच्यासमोर वापराचा आकडा ठेवायचा.

रात्रपाळी
आणि रिन्यूअलची तारीख लिहू नका, नोटीसची लिहा. बऱ्याच करारांत आपोआप नूतनीकरणाचं कलम असतं, नको असेल तर अमुक दिवस आधी लेखी कळवा म्हणून. कॅलेंडरमध्ये त्याच्याही महिनाभर आधीची आठवण टाका, म्हणजे तारकाढांचा लॉग काढून बघायला वेळ मिळेल. बाकीच्या चार विक्रेत्यांचे करार उघडून एवढं एक कलम आजच वाचून घ्या, खटपट्या.